घराच्या भिंतीवर वेलींचा पडदा
शहापूर व मुरबाड तालुक्यांतील घरांसाठी उपयुक्त पद्धती

ग्रामीण घराची भिंत ऊन, पाऊस व वारा ह्यांपासून कुटुंबाचे रक्षण करते. परंतु भिंतीचे रक्षण कोण करणार, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. येथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या घरात जातो. ह्या दोन्ही टोकांचा मारा भिंतीलाच सोसावा लागतो. घराबाहेर योग्य अंतरावर ताटी उभारून तीवर वेली चढविल्या असता भिंतीचे व घरातील माणसांचे पुष्कळसे संरक्षण होते; शिवाय भाजीही मिळते. ह्या पद्धतीचे शास्त्र, तिची कृती व तिच्या मर्यादा ह्यांची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ती समजून घेऊन पाड्यापाड्यांतून प्रात्यक्षिके करावीत.

जुनी रीत व नवी घरे

ह्या भागातील ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी व इतर कुटुंबांची जुनी घरे कारवीच्या कुडाची असत. आजही अशी घरे पाड्यांवर दिसतात. कारवीच्या काठ्या उभ्या लावून त्या आडव्या कामट्यांनी बांधतात व त्यांवर शेणमातीचे लिंपण देतात. ही भिंत पातळ असली तरी छपराची वळचण बरीच पुढे आलेली असल्यामुळे तिच्यावर दुपारचे ऊन थेट पडत नाही. पावसाळ्यात परसातील काकडी, घोसाळी, दुधी किंवा डांगर ह्यांचे वेल कुडाच्या कडेने छपरावर चढविण्याची रीतही जुनी आहे. अर्थात वेलींचा पडदा ही आपल्या लोकांस अपरिचित अशी गोष्ट नव्हे.

गेल्या काही वर्षांत घरांचे स्वरूप बदलले. आसनगाव हे मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरील स्थानक व मुंबई-नाशिक महामार्ग जवळ असल्यामुळे सिमेंट, विटा व पत्रे सहज मिळू लागले. घरकुले पक्की झाली. कुड वरचेवर लिंपण्याचा त्रास वाचला, ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु नव्या घराची वळचण आखूड असते व पश्चिमेची भिंत बहुधा उघडी राहते. विटांची किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत दुपारभर उष्णता शोषून घेते व दिवस मावळल्यावर ती आत सोडू लागते. म्हणून बाहेर गार वारा सुटला तरी घरात रात्री उशिरापर्यंत उकाडा राहतो. लहान मुले, वृद्ध माणसे, बाळंतिणी व आजारी माणसे ह्यांना हा उकाडा विशेष बाधतो.

मोठ्या शहरांतही हाच प्रश्न उभा राहिला व तेथे इमारतींच्या भिंतींवर उभ्या बागा करण्यात येऊ लागल्या. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे प्राध्यापक स्टॅन्ले हार्ट व्हाइट ह्यांनी वनस्पती धारण करणाऱ्या भिंतीच्या रचनेचे एकस्व १९३८ साली मिळविले होते. पुढे फ्रान्समधील वनस्पतिशास्त्रज्ञ पात्रिक ब्लां ह्यांनी ह्या कल्पनेस जगभर प्रसिद्धी दिली. पॅरिस येथील के ब्रान्ली संग्रहालय २००६ साली खुले झाले. त्याच्या भिंतीवर त्यांनी मातीवाचून, जाड कापडाच्या थरावर पोषक द्रव्ये मिसळलेले पाणी खेळवून झाडे वाढविली आहेत. अशा बागेस पंप, वीज व अखंड पाणीपुरवठा लागतो. पंप बंद पडला तर थोड्याच काळात झाडे सुकू लागतात. आपल्या पाड्यांना ही पद्धती परवडणारी नाही व तिची गरजही नाही. ज्या वेलीची मुळे जमिनीत आहेत, तिला जमीनच सांभाळते. आपण फक्त तिला चढण्यास आधार द्यावयाचा आहे.

वेलींच्या पडद्याने घर थंड कसे राहते

ह्याची तीन कारणे आहेत. पहिले असे की, पाने ऊन स्वतःवर घेतात, त्यामुळे भिंत तापत नाही. दुसरे, पानांतून बाष्प बाहेर पडत असते. पाण्याचे बाष्प होताना उष्णता खर्च होते, म्हणून पान उन्हात असूनही पत्र्याप्रमाणे किंवा दगडाप्रमाणे तापत नाही. तिसरे, पडदा व भिंत ह्यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवली तर तेथील हवा खेळती राहते व उष्णता वर निघून जाते. ह्या तिसऱ्या कारणास्तव वेल भिंतीस चिकटवून न वाढविता ताटीवर वाढविणे हितावह असते.

कोणत्या भिंतीला पडदा हवा

ह्याचे उत्तर सूर्याच्या मार्गावरून मिळते. आपल्या भागात १६ मे व २७ जुलैच्या सुमारास सूर्य माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो. ह्या दोन तारखांच्या दरम्यान तो माध्यान्ही किंचित उत्तरेकडे असतो. यावरून असे दिसते की, कडक उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन फारसे पडत नाही. सकाळी पूर्वेची व दुपारी तीननंतर पश्चिमेची भिंत उन्हात असते. त्यांतही पश्चिमेची भिंत अधिक त्रासदायक होय, कारण त्या वेळी हवाही तापलेली असते. सबब एकच भिंत झाकणे शक्य असेल तर पश्चिमेची झाकावी. दक्षिणेकडून हिवाळ्यात ऊब मिळते. ती बाजू उघडी ठेवावी.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सर्वांत जास्त ऊन छपरावर पडते. पत्र्याच्या घराचे छप्पर उघडे ठेवून केवळ भिंत झाकली तर फायदा थोडाच होईल. अशा घरी पत्र्यावर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा हात द्यावा, किंवा पत्र्यापासून फूटभर उंचीवर हलका मांडव घालून त्यावर पेंढा अथवा वेल पसरावा. तापलेल्या पत्र्यावर वेल सरळ सोडल्यास शेंडे व फळे होरपळतात.

ताटीची उभारणी

सोळा फूट लांबीची पश्चिमेची भिंत उदाहरणादाखल घेऊ. जोत्यापासून दीड फूट अंतरावर, चार-चार फुटांवर एक याप्रमाणे बांबूच्या पाच मेढी पुराव्यात. मेढीचा जमिनीतील दीड-दोन फूट भाग आगीवर वरवर भाजून घ्यावा किंवा त्यास डांबर लावावे, म्हणजे तो वाळवीपासून व कुजण्यापासून बराच काळ टिकतो. जमिनीपासून दोन फुटांवर पहिली आडवी कामटी बांधावी व पुढे फुटाफुटावर एक याप्रमाणे आठ फूट उंचीपर्यंत एकूण सात कामट्या बांधाव्यात. नंतर फुटाफुटावर काथ्याच्या दोऱ्या उभ्या ताणाव्यात. खिडकीसमोरची जागा मोकळी सोडावी. तेथे वेल वाढू दिल्यास घरातील वारा अडतो व आत अंधार होतो.

कुडाच्या घराची वळचण दोन-तीन फूट पुढे असते. तेथे ताटी भिंतीजवळ न उभारता वळचणीच्या टोकाखाली उभारावी. त्यायोगे भिंत व ताटी ह्यांमध्ये माणसास जाता येईल एवढा सावलीचा पट्टा तयार होतो. पावसाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या झडीचा जोरही ताटीवर काही प्रमाणात मोडतो व लिंपण कमी धुपते. मात्र कुडाच्या भिंतीवर वेल प्रत्यक्ष कधीही चढवू नये. लिंपण ओले राहून कारवी कुजते व वाळवी लागते.

खड्डे ताटीच्या बाहेरच्या अंगास व पागोळ्यांच्या रेषेबाहेर घ्यावेत. पागोळ्यांचे पाणी खड्ड्यात पडत राहिल्यास माती वाहून जाते व मुळे कुजतात. खड्डा लांबी, रुंदी व खोली ह्या तिन्ही बाजूंनी दीड फुटाचा असावा. सोळा फूट भिंतीस पाच-पाच फुटांवर तीन खड्डे पुरेत. जोत्याला लागून खणू नये. पाया उघडा पडून त्यात पाणी मुरते. खड्ड्याभोवतीच्या जमिनीस घरापासून दूर असा उतार द्यावा. प्रत्येक खड्ड्यात चांगली माती, दोन घमेली कुजलेले शेणखत व अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळून भरावी.

वेलींची निवड

ह्या बाबतीत एक चूक सर्वत्र आढळते. पावसाळी वेल लावला जातो, तो श्रावण-भाद्रपदात हिरवागार दिसतो व दिवाळीनंतर वाळून जातो. ज्या एप्रिल-मे महिन्यांत सावलीची खरी गरज, त्या वेळी ताटी मोकळी असते. म्हणून वेल निवडताना तो मार्च ते मे महिन्यांत पानांनी भरलेला राहील काय, हा प्रश्न प्रथम विचारावा.

तोंडली : घराच्या पडद्यासाठी ही वेल सर्वांत सोयीची होय. ती बहुवर्षायू आहे, छाटणी सोसते व थोड्या पाण्यावर तग धरते. तोंडलीत नर व मादी वेल वेगवेगळे असतात. म्हणून लागवडीची फाटे गोड तोंडली देणाऱ्या, फळावर असलेल्या वेलीचीच घ्यावीत. रानातील कडू तोंडलीचे फाटे आणू नयेत. बोटाएवढ्या जाडीचे, फूट-सव्वा फूट लांबीचे व तीन-चार डोळे असलेले फाटे जून-जुलैमध्ये लावावेत. एका खड्ड्यात दोन फाटे लावून पुढे जोमदार तेवढा एक ठेवावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जमिनीपासून सुमारे दोन फूट भाग राखून छाटणी करावी. हिवाळ्यात भिंतीवर ऊन येते व उष्मा वाढू लागताच नवी फूट जोराने निघून उन्हाळ्यात पडदा दाट होतो.

मायाळू : पाने मांसल, भाजीस व भज्यांस उत्तम. खोडाच्या तुकड्यांपासून किंवा बियांपासून सहज वाढते. सांडपाण्याच्या ओलाव्याजवळ ती वर्षभर हिरवी राहते. तोंडलीच्या दोन खड्ड्यांमध्ये ताटीच्या खालच्या भागासाठी ती लावावी.

उन्हाळी भाज्यांचे वेल : ज्यांच्याकडे पाण्याची सोय आहे, त्यांनी जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात दुधी, कारली किंवा शिराळी ह्यांचे बी लावावे. मार्चअखेर वेल ताटीवर चढतो. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषि विद्यापीठाने प्रसारित केलेल्या कारल्याची 'कोकण तारा', पडवळाची 'कोकण श्वेता' व शिराळ्याची 'कोकण हरिता' ह्या जाती आपल्या हवामानास योग्य आहेत. हेच वेल जूनमध्येही लावता येतात.

फुलवेली : मधुमालती हा दणकट व दाट वेल आहे, परंतु त्याचे खोड लाकडासारखे जाड होते, म्हणून त्यास बांबूऐवजी लोखंडी किंवा सागाच्या मेढी द्याव्यात. शाळा, अंगणवाडी, आश्रमशाळा व ग्रामपंचायत ह्यांच्या पक्क्या इमारतींसाठी तो उपयुक्त आहे. घरापुढील ओट्यास जाई किंवा जुई शोभते.

गुळवेल औषधी आहे व फाट्यापासून सहज येतो. परंतु कोरड्या उन्हाळ्यात तो पाने गाळतो. करांदा हिवाळ्यात वाळतो व त्याचा कंदच जमिनीत उरतो. हे दोन्ही वेल कुंपणावर अवश्य लावावेत, पण सावलीसाठी त्यांवर विसंबून राहू नये.

गुंज, खाजकुइली व कळलावी हे वेल घराजवळ लावू नयेत. गुंजेच्या बिया व कळलावीचे कंद विषारी असतात आणि लहान मुले रंगाला भुलून ते तोंडात घालतात. तद्वतच वड, पिंपळ व उंबर ह्यांची रोपे भिंतीच्या फटीत दिसताच मुळासकट काढावीत. पक्ष्यांच्या विष्ठेतून त्यांचे बी भिंतीत पडते. बोटभर रोप आज हाताने निघते. चार वर्षांनी तेच भिंत फोडते.

पाण्याचा प्रश्न

शहापूर तालुक्यातील भातसा, तानसा व वैतरणा ह्या जलाशयांतून मुंबईस पाणी जाते. त्याच तालुक्यातील अनेक गावे व पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. डोक्यावरून हंडे वाहून आणणाऱ्या स्त्रीला वेलीसाठी आणखी एक हंडा आणावयास सांगणे हा सल्ला नव्हे, अन्याय होय. म्हणून ह्या पद्धतीचा पहिला नियम असा की, वेलीस पिण्याचे पाणी द्यावयाचे नाही. घरात एकदा वापरलेले पाणीच द्यावयाचे.

हे पाणी पुरेल काय, ह्याचा हिशेब करून पाहू. चांगले आच्छादन असल्यास उन्हाळ्यात एका वेलीस एक दिवसाआड सुमारे आठ लिटर पाणी पुरते. तीन वेलींना दोन दिवसांत चोवीस लिटर, म्हणजे रोजी बारा लिटर. साधारणपणे एक घागर. पाच माणसांच्या घरी भांडी, भाजी व तांदूळ धुण्याचे आणि हातपाय धुण्याचे पाणी मिळून एवढे सहज होते. हे पाणी आज न्हाणीमागे साचून डास वाढवीत असते.

सांडपाणी वापरताना पुढील काळजी घ्यावी. न्हाणीच्या मोरीपासून चर काढून वाटेत दोन फूट खोल खड्डा घ्यावा व त्यात खाली दगड, मध्ये खडी व वर जाड वाळू भरावी. त्यातून गाळलेले पाणी वेलीकडे न्यावे. राखेने घासलेल्या भांड्यांचे पाणी चालते. कपडे धुण्याच्या पावडरीचे व सोड्याचे पाणी मात्र देऊ नये, त्याने जमीन बिघडते. सांडपाणी मुळाशीच द्यावे, पानांवर किंवा फळांवर शिंपडू नये. भाजी स्वच्छ पाण्याने धुऊन व शिजवूनच खावी.

पाण्याची बचत करण्यासाठी मडक्याची युक्ती उत्तम आहे. झिलई नसलेले जुने मातीचे मडके वेलीपासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे व तोंडावर फरशीचा तुकडा ठेवावा. मडके पाझरते, मुळांना ओल मिळते आणि पाणी उन्हाने उडून जात नाही. झाकण कधीही विसरू नये, अन्यथा त्यात डासांची पैदास होईल. खड्ड्यावर पेंढा किंवा सुका पाला चार बोटे जाड पसरावा.

साप, आग व कीड ह्यांविषयी

'वेल लावला की घरात साप येतात,' अशी भीती गावोगावी व्यक्त होते. ही भीती निराधार म्हणून उडवून लावू नये; नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे विषारी साप ह्या भागात आढळतात. उंदीर व अडगळ असेल तेथे साप येतो. म्हणून ताटीचे पहिले दोन फूट पानांविना मोकळे ठेवावे, जमीन झाडून स्वच्छ ठेवावी, ताटीखाली लाकूडफाटा, विटा किंवा गोवऱ्या रचू नयेत आणि वेलीचे शेंडे खिडकीत वा कौलांखाली शिरू देऊ नयेत. भाजी दिवसा उजेडी तोडावी. इतकी शिस्त पाळणे ज्या घरी शक्य नाही, तेथे भिंतीशेजारी ताटी न उभारता अंगणात दहा-बारा फुटांवर मांडव घालावा. सर्पदंश झालाच तर मांत्रिकाकडे वेळ न दवडता रुग्णास तत्काळ सरकारी रुग्णालयात न्यावे.

वाळलेला वेल उन्हाळ्यात पेट घेतो. चुलीच्या बाजूच्या भिंतीस ताटी करू नये व सुकलेल्या काड्या वेळोवेळी काढाव्यात.

वेलवर्गीय भाज्यांवर फळमाशी व भुरी ह्यांचा उपद्रव होतो. फळमाशीसाठी क्यू-ल्युरचा सापळा टांगावा व किडलेली फळे गोळा करून खोल पुरावीत. इतर किडींसाठी पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. घराच्या भिंतीलगत विषारी औषधे फवारू नयेत. ती खिडकीतून घरात व पाण्याच्या हंड्यांवर येतात.

वर्षभराची कामे

मे : ताटी उभारणे, खड्डे घेऊन उन्हात तापू देणे.
जून-जुलै : खड्डे भरणे, तोंडलीची फाटे व मायाळू लावणे, पाण्याचा निचरा पाहणे.
ऑगस्ट-सप्टेंबर : शेंडे दोरीवर वळविणे, खालचे दोन फूट साफ ठेवणे.
ऑक्टोबर-नोव्हेंबर : तोंडलीची छाटणी, ताटीची दुरुस्ती, काथ्या बदलणे. पहिल्या वर्षी वेल कोवळा असल्यास हलकी छाटणी करावी.
जानेवारी : पाण्याची सोय असल्यास उन्हाळी भाज्यांचे बी लावणे.
फेब्रुवारी : प्रत्येक वेलीस एक घमेले शेणखत, मडके पुरणे, आच्छादन करणे.
मार्च ते मे : एक दिवसाआड सांडपाणी देणे, भाजी तोडणे.

कार्यकर्त्यांस सूचना

प्रात्यक्षिकासाठी शेजारी-शेजारी असलेली, सारख्याच बांधणीची दोन घरे निवडावीत. एका घराच्या पश्चिम भिंतीस पडदा करावा, दुसऱ्याची भिंत तशीच ठेवावी. उन्हाळ्यात दोन्ही भिंतींच्या आतल्या अंगास सारख्या उंचीवर तापमापक टांगून दुपारी दोन, सायंकाळी सहा व रात्री नऊ वाजता नोंद घ्यावी. हे आकडे फळ्यावर लिहून गावसभेत दाखवावेत. शेतकरी ऐकलेल्या गोष्टीपेक्षा मोजलेल्या गोष्टीवर अधिक विश्वास ठेवतो. फरक थोडा आढळला तर तोही तसाच सांगावा व छपराची व्यवस्था पाहावी.

प्रात्यक्षिकाचे घर निवडताना घरातील स्त्रीची संमती प्रथम घ्यावी. सांडपाणी तिच्या हातून जाते व भाजी तिच्या चुलीवर शिजते. बांबू, काथ्या, फाटे व शेणखत ही सामग्री बहुतेक घरी किंवा शेजारी मिळते, म्हणून भूमिहीन कुटुंबासही ही पद्धती शक्य आहे. ज्याच्याकडे एक गुंठाही जमीन नाही, त्याच्याकडे घराची एक भिंत तरी असते. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक पाड्यावर निदान दोन घरी ताटी उभी राहील, असा प्रयत्न कार्यकर्त्यांनी करावा, आणि पहिल्या छाटणीचे फाटे फेकून न देता ओल्या गोणपाटात गुंडाळून शेजारच्या घरी पोचवावेत.